अप्पांचं अर्धं मिनिट

मेकपदादाच्या पेटीत ग्लिसरिनची एक बाटली वेगळी ठेवलेली असे. तिच्यावर त्यानं कागदाचा तुकडा डकवला होता, ‘अप्पांची’. डोळ्यांखाली एक थेंब लावला की कुणालाही घळाघळा पाणी येतं, त्यासाठी हे औषध. पण अप्पांच्या बाटलीचं झाकण पंधरा वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं, आणि सेटवर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती दाखवायची हा मेकपदादाचा आवडता उद्योग होता. ‘‘ही बघा,’’ तो म्हणायचा, ‘‘घेतली तेव्हा होती तेवढीच आहे. माझा धंदा बसवला या माणसानं.’’

अप्पांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती वाचायचे कष्ट कुणी घेत नसे. मालिकेत ते घरातले वडीलधारे अप्पा, म्हणून भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांचेच अप्पा. रोज संध्याकाळी साडेसातला जो माणूस तुमच्या घरात येऊन बसतो, त्याला दुसरं काय म्हणणार? रस्त्यात अनोळखी बायका त्यांना अडवून सुनांच्या तक्रारी सांगत आणि अप्पाही मान हलवत ऐकून घेत. सवयच लागली होती बिचाऱ्यांना.

रडायचा सीन आला की अप्पा डायरेक्टरला म्हणत, ‘‘अर्धं मिनिट द्या मला.’’ मग ते वळून सेटच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहत. भिंत कसली, पुढून रंगवलेलं प्लायवूड. हात खिशात, मान थोडी खाली. सगळं युनिट चिडीचूप. चहावाला कप हातात धरून जागच्या जागी थांबायचा. अर्ध्या मिनिटानं अप्पा वळत तेव्हा डोळे काठोकाठ भरलेले असत, आणि कॅमेरा सुरू झाला की बरोबर हव्या त्या शब्दावर एकेक थेंब खाली येई. तेवढ्या वेळात ते नक्की करतात काय, यावर पैजा लागत. कुणी म्हणे श्वास कोंडतात, कुणी म्हणे जीभ चावतात. एका नव्या हीरोनं खरंच जीभ चावून पाहिली. पाणी आलं, पण संवाद काही म्हणता येईना.

खरी गोष्ट अशी, की त्या अर्ध्या मिनिटात अप्पा एका दवाखान्यात जाऊन येत. तिथं एका खाटेवर त्यांची मुलगी होती, साडेपाच वर्षांची. घरात तिला ठकी म्हणत. ठकीचा शेवटचा तास अप्पांनी पाहिला होता, आणि एकट्या अप्पांनीच पाहिला होता. तिच्या आईनं नाही. त्या तासात काय झालं, पोर काय बोलली, हे त्यांनी तिच्या आईला एकतीस वर्षं सांगितलं नव्हतं. ती दोनदा विचारून गप्प झाली. आता असल्या माणसाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, पण जरा दमानं ठरवा.

अप्पा मुळात टपालाच्या कचेरीतले. दिवसभर पत्रं गावांप्रमाणे छाटायची आणि संध्याकाळी हौशी मंडळींबरोबर नाटकं करायची. देवानं आवाज असा दिला होता, की तिशीतला माणूस बोलला तरी पन्नाशीचा वाटावा. घरोघरी टीव्ही यायला लागले तेव्हा कुणीतरी त्यांना एका मालिकेत नेलं, बत्तीसाव्या वर्षी केसांना पांढरी पावडर फासली आणि बाप केलं. तो शिक्का बसला तो बसलाच. पडद्यावर त्यांनी अकरा मुलींची लग्नं लावून दिली, चार मुलांना घराबाहेर काढलं आणि चौघांनाही परत घेतलं, तीन वेळा छाती धरून कोसळले आणि एकदा तर चक्क मेले. पण लोकांची पत्रं आली, म्हणून आठवड्याभरात पुन्हा उठून बसले. पावडर लावायची गरज कधी संपली, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

बायको शाळेत शिक्षिका होती, तिसरी-चौथीच्या वर्गावर. शाळेतली मुलं तिला बाई म्हणत, मग शेजारीही म्हणू लागले, आणि अप्पाही थट्टेनं म्हणता म्हणता खरंच म्हणू लागले. या बाईंच्या जिवावर अप्पांचे संवाद पाठ होत. रोज सकाळी जेवणाच्या टेबलाशी चहाचे दोन कप, मध्ये त्या दिवसाचे कागद. अप्पा आपली वाक्यं म्हणत आणि बाकी सगळ्यांची बाई वाचत. सून बाईच, व्याही बाईच, पोलीसही बाईच. अप्पांची एक अट असे. ‘‘भाव नको. नुसते शब्द दे.’’ समोरच्यानं आधीच रंग भरला की अप्पांचा बिघडायचा. त्यामुळे बाई खून झाल्याची बातमीसुद्धा पाढे म्हणून घेतल्यासारखी सपाट वाचत. आणि मध्येच चष्म्यावरून बघून म्हणत, ‘‘शेवटच्या शब्दाआधी तुम्ही थांबता. दर वेळी. सगळ्याच बापांना दम लागतो का हो?’’

अप्पा हसण्यावारी नेत. पण बाईंचं निदान अचूक होतं. अप्पा लिहिलेलं बोलायला लागले की शेवटच्या शब्दाआधी एक बारीकसा श्वास घेत. मनापासून बोलताना घेत नसत. चाळीस वर्षं समोर बसून ऐकणाऱ्या बाईला एवढं कळायचंच.

ठकी गेली तेव्हा अप्पा एकोणचाळीस वर्षांचे होते. ताप आला तो उतरेचना, म्हणून दवाखान्यात ठेवलं. नऊ दिवस बाई खाटेशेजारच्या स्टुलावरून हलल्या नाहीत. अप्पांचं शूटिंग चालू, ते येऊन-जाऊन. नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आज बरं दिसतंय. त्या दिवशी अप्पांना सुट्टी होती. त्यांनी बाईंकडे पाहिलं. केसांच्या जटा, डोळे खोल गेलेले. ते म्हणाले, ‘‘तू घरी जा. अंघोळ कर, दोन तास पड. मी आहे ना.’’ बाई नको नको म्हणत दोन वाजता गेल्या. पावणेपाचला धुतलेला फ्रॉक पिशवीत घालून परत आल्या, तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता आणि अप्पा बाहेर भिंतीला टेकून उभे होते.

तीन दिवसांनी बाईंनी विचारलं, ‘‘काय म्हणाली हो ती शेवटी?’’

‘‘नंतर सांगतो,’’ अप्पा म्हणाले.

खोटं नाही बोलले. त्यांना खरंच नंतर सांगायचं होतं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, याची त्यांना भीती वाटली. वर्षभरानं बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा अप्पा भरल्या ताटावरून उठले. त्यानंतर बाईंनी विषय काढला नाही. दोन वर्षांनी मुलगा झाला, त्याचं सगळं रीतसर केलं. तो शिकला, दूरच्या शहरात गेला, रविवारी फोन करू लागला. घरात अप्पा कधी रडले नाहीत. ठकीचं नावही काढलं नाही. आणि बाईंनी मनाशी एक समजूत करून घेतली. या माणसाला बोलता येत नाही एवढंच, त्यानं मूठ मिटून घेतलीय. पण मुठीत आहे सगळं, जपून ठेवलेलं. कधीतरी उघडेल. एवढ्या एका आशेवर बाईंनी एकतीस वर्षं काढली.

आता मुठीचं काय झालं ते ऐका.

ठकी जाऊन दोन महिने झाले असतील. मालिकेत मुलीच्या पाठवणीचा सीन होता. ग्लिसरिन लावलं तर अप्पांचे डोळे नुसते लालभडक झाले, पाणी येईना. डायरेक्टर ओरडला, ‘‘अहो, मुलगी चाललीय तुमची, काहीतरी वाटू द्या.’’ अप्पा शरमेनं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि तिथं, त्या खिळे मारलेल्या प्लायवुडपुढे, तो तास आपल्या पायानं चालत त्यांच्यापर्यंत आला. ते वळले तेव्हा हुंदका आवरत नव्हता. सीन झाल्यावर डायरेक्टरनं त्यांना मिठी मारली. अप्पा त्या दिवशी घरी पायी गेले, पाच मैल, कारण बसमध्ये कुणी तोंड बघू नये असं त्यांना वाटत होतं. बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही.

पहिल्या वेळी तास आपणहून आला. दुसऱ्या वेळी अप्पांनी त्याला बोलावलं. इथं खरं तर माणसानं थांबायला हवं होतं, पण लाइट लागलेले, चाळीस माणसं खोळंबलेली, आणि काम तर करायलाच हवं. आधी फक्त ठकीची बोटं पुरत. ती पांघरुणाचा एक सुटलेला दोरा ओढत होती, तेवढं डोळ्यांपुढं आणलं की डोळे भरत. पाच-सहा वर्षांनी बोटांनी काही होईना. रोज वापरलं की कापडही विरतं. मग अप्पा खिडकीकडे वळले. खाटेशेजारची खिडकी, ठकीच्या तोंडावर पडलेलं तिरकं ऊन. ती काही वर्षं चालली. मग ठकी थोडीशी हसू लागली. मग कधीतरी ती म्हणाली, ‘‘आई कुठंय?’’ हे सगळ्यांत भारी पडायचं. ते पोरीनं त्या दिवशी म्हटलं होतं, की भिंतीपुढं उभं असताना अप्पांना सुचलं होतं, असा प्रश्न तेव्हा त्यांना पडलाच नाही. डोळे भरले, शॉट झाला, पुढचा सीन लावा.

मध्ये एका मालिकेत त्यांना नात होती. ते काम करणारी पोर मोठी गोड. समोरचे दोन दात पडलेले, आणि दोन शॉटच्या मध्ये ती जिभेच्या टोकानं सारखी ती फट चाचपायची. गोष्टीत ती आजारी पडून जाते. तीन दिवस ते शूटिंग चाललं. तीन दिवस अप्पा भिंत ते खाट आणि खाट ते भिंत असे करत होते. शेवटच्या दिवशी ती पोर खाटेवरून टुणकन उडी मारून आली आणि म्हणाली, ‘‘अप्पाआजोबा, मी चांगली मेले ना?’’ अप्पांनी तिला चॉकलेट दिलं.

सध्याच्या मालिकेला पंधरा वर्षं झाली म्हणून चॅनेलनं कार्यक्रम ठेवला. मोठं सभागृह, दिवे, फुलं, पहिल्या रांगेत मालिकेतल्या सगळ्या सुना. सूत्रसंचालन करणारी मुलगी चुणचुणीत होती. तिनं मेकपदादाला स्टेजवर बोलावलं, बाटली दाखवायला लावली, लोकांनी टाळ्या पिटल्या. मग ती अप्पांकडे वळून म्हणाली, ‘‘अप्पा, आज सांगूनच टाका. त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही काय करता?’’

इथं गप्प बसायला काय झालं होतं? ‘धंद्याचं गुपित’ म्हणून हसले असते तर कुणी फाशी देणार नव्हतं. पण समोर हजार माणसं कान टवकारून बसलेली, आणि नट तो शेवटी नट. अप्पांनी माइक जवळ घेतला आणि सांगितलं. दवाखाना, खाट, साडेपाच वर्षांची लेक. ‘‘ती गेली नाही,’’ ते म्हणाले, ‘‘ती रोज माझ्याबरोबर... कामाला येते.’’ शेवटच्या शब्दाआधी बारीकसा श्वास घेतला होता. सभागृहात सगळ्यांच्या पदरांना, रुमालांना काम लागलं. सूत्रसंचालन करणारी मुलगीही रडली, तीही ग्लिसरिनशिवाय.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला दाखवणार होते. बाई आपलं प्रत्येक काम बघतात हे अप्पांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून अकराला पाच कमी असताना त्यांना एकदम आठवलं, की केस फार वाढलेत. न्हाव्याकडे ते पावणेदोन तास बसले. डोक्यावर होते किती आणि कापणार किती. पण बसले. न्हाव्याच्या टीव्हीवरही तोच कार्यक्रम लागला होता. न्हाव्यानं हात जोडले, पैसे घेतले नाहीत.

घरी आले तेव्हा टीव्ही बंद होता. बाई टेबलाशी मटार सोलत होत्या.

‘‘बसा,’’ बाई म्हणाल्या.

अप्पा बसले.

‘‘तुम्ही घरी कधी रडला नाहीत,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मला वाटायचं, आतल्या आत रडत असाल. कामावर रडत होता होय.’’

‘‘अगं, ते...’’

‘‘थांबा. मी भांडत नाहीये. भांडायचं असतं तर न्हाव्याच्या दुकानात आले असते.’’ त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. ‘‘राग आला होता मला. खूप आला. टीव्हीवर काहीतरी फेकावंसं वाटलं. मग मनात आलं, अरे, म्हणजे यांना सगळं आठवतंय. कधीकधी भीती वाटायची, इतकी वर्षं झाली, विसरून तर गेले नसतील. पण तुम्ही तर रोज बघताय तिला. मग आज मला सांगा. सगळ्या जगाला सांगितलंत, आता मला सांगा. अगदी सुरुवातीपासून. मी दोनला गेले, तिथून पुढं.’’

राग असता तर अप्पांनी तो झेलला असता. पण बाई पुढं झुकून बसल्या होत्या, हात मांडीवर, शाळेत गोष्ट ऐकायला बसलेल्या मुलीसारख्या. एकतीस वर्षांनी मूठ उघडणार होती. अप्पांना वाटलं, सांगावं. खरंच मनापासून वाटलं. आता काय बिघडणार होतं?

‘‘तू गेलीस,’’ अप्पांनी सुरुवात केली. ‘‘मी स्टुलावर बसलो. ती शांत होती. पांघरुणाचा एक दोरा सुटला होता, तो ओढत होती.’’

बाईंनी मान हलवली, पण कपाळाला बारीक आठी पडली. ‘‘पांघरूण? उन्हाळा होता ना. चादर होती पातळ. बरं, असेल. सांगा.’’

‘‘खिडकीतून ऊन येत होतं. तिच्या तोंडावर पडलं होतं, म्हणून मी...’’

‘‘खिडकी कुठं होती तिथं?’’ बाई हळूच म्हणाल्या. ‘‘आपली खाट दाराशी होती. खिडकी त्या टोकाला, म्हाताऱ्या आजीबाईंच्या डोक्याशी. नऊ दिवस मी तिथंच होते हो.’’

 खिडकी अप्पांना लख्ख दिसत होती. गजसुद्धा मोजून सांगितले असते. ‘‘मग तिनं पाणी मागितलं,’’ ते घाईघाईनं म्हणाले, ‘‘मी चमच्यानं दिलं. आणि ती माझ्याकडे बघून हसली. तिची ती सवय नव्हती का, जिभेचं टोक पडलेल्या दाताच्या जागी लावायची, तसं लावलं आणि...’’

‘‘कुठल्या दाताच्या?’’

‘‘समोरच्या. वरच्या.’’

बाईंनी ताटातली एक शेंग उचलून परत ठेवली. मग म्हणाल्या, ‘‘तिचा एकही दात पडला नव्हता. वर्गातल्या मुलींचे पडायला लागले म्हणून रोज रात्री मला हलवून बघायला लावायची. हलतसुद्धा नव्हता एखादा.’’

 अप्पा ठकीचा चेहरा आठवू लागले. फट तिथंच होती. ती सारली तर मागोमाग हसूही गेलं. ऊन गेलं. दोऱ्याशी चाळा करणारी बोटं कुणाची होती? त्यांनी एकामागून एक सगळं उचलून पाहिलं, आणि ज्याला हात लावावा त्याला रंगाचा वास येत होता. कुठं लाइटवाल्यानं तिरका टाकलेला उजेड, कुठं दुसऱ्याच पोरीचं तोंड. खालचं खरं कधी पुसलं गेलं ते कळलंच नव्हतं. कामाच्या भरात कोण बघतंय?

बाईंनाही ते कळलं असणार. कारण त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. फक्त एकच विचारलं, आणि ते इतक्या साध्या आवाजात, की अप्पांना वाटलं त्या नेहमीसारख्या कागद वाचताहेत.

‘‘एवढं एकच सांगा. तिनं माझी आठवण काढली का?’’

‘आई कुठंय.’ ते तर होतंच अप्पांजवळ. शंभरदा, हजारदा ऐकलेलं. नुसतं हो म्हणायचं होतं. ते वाक्य त्या दिवसाचं होतं की नंतरचं, देव जाणे. पण बाईंना ते मिळालं असतं आणि त्या उरलेलं आयुष्य ते उराशी धरून जगल्या असत्या. अप्पांनी तोंड उघडलं. आणि त्यांना स्वतःलाच जाणवलं, की शेवटच्या शब्दाआधीचा तो बारीक श्वास छातीत येऊन थांबलाय. बाई त्यांच्या ओठांकडेच बघत होत्या.

‘‘मला माहीत नाही,’’ अप्पा म्हणाले.

बाईंनी ताट पुन्हा पुढं ओढलं. दोन-तीन शेंगा सोलल्या. मग हात थांबले.

‘‘तेवढं एक तरी माझ्यासाठी ठेवायचं होतंत,’’ त्या म्हणाल्या.

त्या दिवशी घरात जेवणं झाली, भांडी घासून झाली, रविवार म्हणून मुलाचा फोनही आला. त्यानं कार्यक्रम पाहिला होता. ‘‘बाबा, तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत,’’ तो म्हणाला. अप्पा म्हणाले, ‘‘आईशी बोल,’’ आणि फोन बाईंकडे दिला.

बुधवारी रडायचा सीन होता. अप्पा म्हणाले, ‘‘अर्धं मिनिट द्या,’’ आणि भिंतीकडे वळले. सगळे चिडीचूप. अर्ध्याचं एक झालं, एकाची तीन झाली. डायरेक्टरनं घड्याळ बघितलं. कार्यक्रम पाहिल्यापासून युनिटमधला प्रत्येक जण त्या पाठीकडे आदरानं बघत होता, आणि पाठीपलीकडे अप्पांपुढे एक दाराजवळची खाट होती. रिकामी. ते वळले तेव्हा डोळे कोरडे ठणठणीत होते. त्यांनी मेकपदादाला खूण केली.

मेकपदादाला आधी समजलं नाही. मग समजलं, आणि त्यानं पेटीतून ती बाटली काढली. पंधरा वर्षांत झाकण घट्ट बसलं होतं. ते त्यानं दातांनी उघडलं.  शॉट पहिल्या टेकला ओके झाला. पाणी ते पाणी, कॅमेऱ्याला काय कळतंय.

तो भाग दोन आठवड्यांनी दाखवला. बाईंनी पाहिला. त्या दोन आठवड्यांत सकाळचा कार्यक्रम चालूच होता, चहाचे दोन कप, कागद, बाई सून आणि बाईच पोलीस. एकही दिवस चुकला नव्हता. पण दुसरं काही बोलणं नव्हतं. भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई टेबलाशी आल्या, कागद उचलला आणि पालथा ठेवला.

‘‘कालच्या भागात बाटली वापरलीत,’’ त्या म्हणाल्या.

‘‘हो.’’

‘‘बरं केलंत.’’ बाईंनी चहाचा घोट घेतला. ‘‘आता राहू दे तिला घरी.’’

अप्पांनी मान खाली घातली. ते हळूच म्हणाले, ‘‘घरी तरी कुठंय ती? माझ्याकडे काही उरलं नाही बाई. तिचं तोंडसुद्धा नाही.’’

बाईंनी चष्मा चढवला. समोर कागद नव्हता, तरी चढवला. आणि त्या सांगू लागल्या, पाढे म्हणून घेताना असतो तसल्या सपाट आवाजात, जराही रंग न भरता. ‘‘खाट दाराशी होती. दाराला हिरवा रंग, खालून उडालेला. चादर पांढरी, कोपऱ्यात दवाखान्याचा शिक्का. केस तिचे मी दोन वेण्यांत बांधले होते, उजवीकडची सुटायची. उजव्या भुवईत एक खोक होती, पायरीवर पडली होती त्याची. दात सगळे होते. पाणी प्यायला नको म्हणायची, पण चमचा वाजवला की प्यायची. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंना ती मावशी म्हणायची. का, ते विचारलं नाही कुणी.’’

अप्पा ऐकत होते. त्यांचे ओठ बारीक हलत होते. चाळीस वर्षं ते याच टेबलाशी असंच पाठ करत आले होते.

‘‘नवव्या दिवशी उठून बसली. मला म्हणाली, येताना माझा पिवळा फ्रॉक आण. मी म्हटलं, आणते. म्हणाली, खिसे असलेला आण, दुसरा नको. मी म्हटलं, बरं. तुम्ही म्हणालात, जा आता, मी आहे ना. मी पिशवी उचलली. दोन वाजले होते. दारातून मागं वळून पाहिलं, तर ती तुमच्याकडे बघत होती.’’

बाई थांबल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘पुढचं मला माहीत नाही,’’ त्या म्हणाल्या.

‘‘मलाही,’’ अप्पा म्हणाले.